निविदेतील एक ओळ : मुंबईच्या कामगार चाळी पाडल्यावर माल कुठे जातो?

१/
कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापासून खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्यातील कोन गाव लागते. या खाडीतील रेती आणि तालुक्यातील वीटभट्ट्यांच्या विटा यांवर मुंबई परिसरातील कितीतरी भिंती उभ्या राहिल्या. शहर बांधताना माल इथून गेला. शहर पाडताना त्या मालाचे काय होते? उत्तर दडले आहे सरकारी कंत्राटांच्या इतिहासात. #थ्रेड

२/
जुन्या काळी वाडा ‘पाडत’ नसत, ‘उतरवत’ असत. चुन्यातील वीट हातोडीच्या हलक्या घावाने सुटे आणि साफ करून पुन्हा लागे. सागवानी तुळया, खांब, चौकटी, घडीव दगड या साऱ्यांना गिऱ्हाईक असे. म्हणून अनेकदा वाडा उतरवणारा ठेकेदार मालकाकडून पैसे घेण्याऐवजी त्यालाच पैसे देई. जुना माल हेच त्याचे उत्पन्न होते.

३/
सरकारी बांधकामाच्या दरसूचीतही ही जाण उतरली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत मोडतोडीच्या कामापुढे एक ठरीव अट आढळते : वापरण्याजोगा माल रचून ठेवावा आणि निरुपयोगी माल ५० मीटरच्या आत टाकावा. ‘सर्व्हिसेबल’ आणि ‘अनसर्व्हिसेबल’. मालाचे पुढचे आयुष्य या दोन शब्दांवर ठरते.

४/
आता मुंबईकडे. १८९६ साली प्लेग आला. १८९८ साली मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि हवेशीर चाळी उभाराव्यात, हा त्याचा हेतू. पाडकाम झपाट्याने झाले, पण घरे त्या वेगाने मिळाली नाहीत. गिरणगाव अधिकच कोंदटला.

५/
१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. हीच ती ‘बीडीडी’. ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. पैसा उभा करण्यासाठी कर्ज काढले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. गिरणीच्या कापसातून गिरणी कामगाराचे छप्पर, अशी ही कल्पना.

६/
प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीत साधारण ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. संकल्पाचा जेमतेम तिसरा हिस्सा पुरा झाला.

७/
याच खात्याच्या बॅक बे भरावयोजनेवर के. एफ. नरीमन यांनी जाहीर आरोप केले. खात्यातील हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरीमन निर्दोष सुटले. सार्वजनिक कंत्राट हा फक्त अभियंत्यांचा विषय नसून नागरिकांच्या देखरेखीचा विषय आहे, हे मुंबईने तेव्हाच अनुभवले.

८/
बीडीडीने निवडलेले साहित्य मात्र दूरगामी ठरले. चुना आणि सागवान मागे पडले, सिमेंट आणि लोखंडी सळ्यांचे काँक्रीट पुढे आले. ही रचना टिकाऊ होती, पण सुटी होणारी नव्हती. काँक्रीट फोडले की सळई भंगारात विकली जाते आणि बाकीचा राडारोडा उरतो. वाड्याप्रमाणे चाळ ‘उतरवता’ येईना.

९/
सुमारे नव्वद वर्षांनी त्या चाळींची पाळी आली. २०१७ साली म्हाडाच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. बंदराच्या जमिनीवरील शिवडी वगळता १९५ चाळी या प्रकल्पात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळायचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या.

१०/
आकडा मोठा आहे. १९५ चाळी, प्रत्येकी ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट. फक्त खोल्यांचेच क्षेत्रफळ सुमारे २५ लाख चौरस फूट होते. त्यात भिंती, जिने, मार्गिका धरलेल्या नाहीत. इतक्या बांधकामाचे तुकडे कुठेतरी जाणारच. ठाणे परिसरातील खाडीकाठच्या कांदळवनांना अशा राडारोड्याची झळ जुनीच आहे.

११/
कायदा काय सांगत होता? २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार, दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निघत असेल, तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार भाग वेगळे करावे लागत. शिवाय सरकारी आणि पालिकेच्या कंत्राटांत अशा कचऱ्यापासून बनलेला माल ठरावीक प्रमाणात, उदाहरणार्थ १० ते २० टक्के, सक्तीने घ्यावा, असेही त्यांत सुचवले होते.

१२/
तांत्रिक वाटही मोकळी झाली. आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटची खडी मान्य केली : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ दर्जापर्यंतच २० टक्के. उंच मनोऱ्यांच्या खांबांना बहुधा याहून वरचा दर्जा लागतो. म्हणून या खडीची खरी जागा पाया-भराव, पदपथ, कुंपणभिंती आणि पेव्हर ब्लॉक यांत आहे.

१३/
महापालिकेची प्रक्रिया केंद्रे आता दहिसर आणि शिळफाट्याजवळील डायघर येथे आहेत, प्रत्येकी दिवसाला ६०० टनांची. पण केंद्र माल बनवते, गिऱ्हाईक बनवत नाही. निविदेत ‘पुनर्वापरित खडी इतके टक्के’ ही ओळ नसेल, तर सर्वांत कमी दर भरणारा ठेकेदार ती आपणहून का घेईल?

१४/
नेदरलँड्समधील केरक्राडे गावी एका सामाजिक गृहनिर्माण संस्थेने उलटा क्रम लावला. आपल्या जुन्या उंच इमारती हीच खाण मानली आणि त्यांतील साहित्यातून त्याच वस्तीत नवी घरे बांधली. पाडणे आणि बांधणे ही दोन परकी कंत्राटे ठेवली नाहीत. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला.

१५/
एक सावधगिरी मात्र हवी. गरिबांना जुना माल नवा नाही. पत्रे, फळ्या, विटा गोळा करून मुंबईच्या झोपड्या कधीच्याच उभ्या आहेत, पण नाइलाजाने. सरकारी घरात पुनर्वापर करायचा तर त्याची चाचणी जाहीर हवी आणि तोच नियम विक्रीच्या महागड्या इमारतींनाही हवा. नाहीतर ‘पर्यावरण’ हे दुय्यम दर्जाचे दुसरे नाव ठरेल.

१६/
१ एप्रिल २०२६ पासूनचे नवे केंद्रीय नियम २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या बांधकामदारांवर या कचऱ्याची जबाबदारी टाकतात. कापसाच्या गाठीमागे एक रुपया लावून चाळी बांधणाऱ्यांनी खर्च कोण सोसणार हे आधी ठरवले होते, पण शेवटाचा विचार केला नव्हता. आज उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांच्या करारपत्रांत तो विचार लिहिता येईल. त्यासाठी एक ओळ पुरते.