वस्तऱ्यातली चांदी

मोलगीच्या बाजारात डोंगरातून आलेली म्हातारी चांदीचं कडं विकत घेताना आधी ते तळहातावर तोलते, मग सराफाकडे बघते. माझ्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक मात्र छाप वाचून भुलतं. आजोबांच्या वस्तऱ्याच्या पात्यावर ‘सिल्व्हर स्टील’ कोरलंय आणि शेपटीवर शेफील्ड. “चांदीचा का हो?” हा प्रश्न ठरलेला.

या छापाची मुळं मुंबईत आहेत. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटनी आपल्याकडच्या वूट्झ पोलादाचे तुकडे लंडनला जोसेफ बँक्सना पाठवले. पुढल्याच वर्षी जॉर्ज पिअरसननी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट या कारागिरानं त्या पोलादाची पाती घडवून पाहिली. पुढे १८२० च्या सुमाराला मायकेल फॅरेडेला सोबत घेऊन तो पोलादात निरनिराळे धातू मिसळून बघू लागला. चांदी फार मुरेना. पाचशे भागांत एक भाग, बस. त्याहून जास्त घातली की थेंब थेंब होऊन बाहेर यायची. पण शेफील्डच्या कारखानदारांना नाव मिळालं! मग शतकभर ते वस्तऱ्यांवर ठोकलं गेलं. चांदी आत असो-नसो, पातं म्हणजे कडक कार्बन पोलाद.

मुठीच्या टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या असतात, त्यांचीही तीच गत. सराफानं एक टोपी कसोटीवर घासून रेघेवर नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकला. रेघ हिरवी होऊन विरघळली. म्हणजे जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त. खरी चांदी असती तर त्या थेंबात मिठाचं पाणी पडताच दह्यासारखा पांढरा साका धरला असता. मुठीचे खिळे पितळेचे, ते घासल्यावर पिवळे दिसतातच.

पात्याला लोहचुंबक लावून काही कळत नाही. कार्बन पोलादाला तो चिकटतो तसा पात्याच्या स्टेनलेसलाही. धार लावणाऱ्याच्या चाकावर कार्बन पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. साध्या घडीव लोखंडाच्या लांब, सरळ जातात. पण ही परीक्षा शेपटीच्या टोकावरच घ्यावी. पात्याला चाक लागलं तर पाणी उतरतं, मग तो वस्तरा फक्त दाखवायचा.

साल ओळखायला छापच कामाला येतो. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर बहुधा १८९१ नंतरचा माल, कारण अमेरिकेच्या कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव घालणं तेव्हा बंधनकारक झालं. ‘स्टेनलेस’ लिहिलेलं पातं १९१३ च्या आधीचं असूच शकत नाही. हॅरी ब्रिअर्लीनं शेफील्डमध्ये त्या वर्षी ते पोलाद ओतलं.

माझा वस्तरा गंजतो, म्हणून मला तो पटतो. दाढी झाली की पुसायचा, खोबरेल लावायचं. पावसाळ्यात धोकटीत ओला राहिला तर धारेवर खड्डे पडतात, आणि ते सहाणेवर घासून काढायचे म्हटलं तर पातंच अर्धं होतं.