पृथ्वीप्रदक्षिणेंतील वसई

जहाजाच्या कचेरींत पैसे भरून तिकीट घ्यावें आणि पुढील सारी व्यवस्था कंपनीवर सोपवावी, ही सोय अर्वाचीन काळाची. इ. स. १६९५ मध्यें वसईस आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाला ती नव्हती. तो कायद्याचा पंडित. पाठीशीं ना राजा, ना व्यापारी कंपनी. १६९३ त त्यानें नेपल्स सोडलें तें मिळेल त्या जहाजांत जागा घेत पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठीं.

मग खर्चाची तोंडमिळवणी कशी? पुढच्या मुक्कामीं खपेल असा माल आधींच्या मुक्कामीं विकत घ्यावा, हा त्याचा उपाय. इराणांतील बंदर अब्बास येथें खजूर, मद्य आणि सुकविलेलीं वा शिरक्यांत मुरविलेलीं फळें घ्यावीं. हिंदुस्थानांत त्यांवर चांगला नफा सुटतो, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. सल्ला हिशेबी खरा. पण माल बुडाला कीं प्रवासहि बुडाला!

वसईंत त्याच्यापुढें मोह निराळाच उभा राहिला. पोर्तुगीजांच्या त्या तटबंद शहरांत कायदेपंडितांची टंचाई होती. संपन्न घरची वधू, भरघोस हुंडा, शिवाय वकिली, असें सर्व त्याला देऊं करण्यांत आलें. त्यानें तें नाकारलें. युरोप कायमचा अंतरावा, ही किंमत त्याला फार वाटली. तेथून कान्हेरीचीं लेणीं पाहून त्यानें पुढें गोवा गांठलें. मनिलाहून आकापुल्कोस जाणाऱ्या गलबतावर मात्र त्यानें पांच महिन्यांहून अधिक काळ काढला. १६९८ च्या डिसेंबरांत तो नेपल्सला परतला. वसईचें पोर्तुगीज वैभव पुढें एकेचाळीस वर्षांतच, १७३९ त, चिमाजीअप्पांच्या फौजेपुढें संपुष्टांत आलें.