काचपात्रातील गाठ

सन १९५८. व्हिएन्ना नगरीत जीवरसायनशास्त्राची जागतिक परिषद भरली होती. ईस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक एन्झाइमांच्या द्वारे कसे कार्य करते, या विषयावरील परिसंवादास हजारावर मंडळी लोटली होती. त्याच वेळी दुसऱ्या एका दालनात शिकागो विद्यापीठाचे एल्वुड जेन्सन आपला निबंध वाचीत होते. श्रोते अवघे पाच. त्यांतही तिघे त्याच सभेतील वक्ते!

जेन्सन यांचे प्रतिपादन त्या काळच्या विद्वन्मताला सोडून होते. त्यांनी व हर्बर्ट जेकबसन यांनी ईस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजनाची खूण करून ते अल्पवयीन उंदीर-माद्यांना अत्यल्प मात्रेने टोचले. रक्तातून व इतर इंद्रियांतून ते लवकरच ओसरले. गर्भाशयाने मात्र ते तासन् तास धरून ठेवले, आणि तेही रूप न पालटता. एन्झाइमे त्यावर क्रिया करीत असती, तर ते जसेच्या तसे कसे उरले असते? तेव्हा गर्भाशयाच्या पेशींत त्यास पकडून ठेवणारे काहीतरी असले पाहिजे, हे ओघानेच आले. ते काहीतरी म्हणजेच ग्राही प्रथिन. गिर्यारोहणाचा फारसा अनुभव नसताना जेन्सन १९४७ साली मॅटरहॉर्न चढून आले होते. त्या शिखराने इटलीच्या बाजूने व्हिम्परला वारंवार परत धाडले आणि १८६५ साली स्वित्झर्लंडच्या बाजूने वाट दिली, ही गोष्ट ते आपल्या संशोधनाच्या संदर्भात आवर्जून सांगत.

या शोधाचा लाभ स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारास झाला, हे सर्वश्रुत आहे. गर्भाशयाच्या स्नायूंत होणाऱ्या गाठींची, म्हणजे फायब्रॉइडची, कथा मात्र अधिक वळणाची आहे. ही गाठ कर्करोगाची नव्हे. परंतु अतिरक्तस्रावाने स्त्री पांढरीफटक पडते, आणि पुष्कळदा गर्भाशयच काढून टाकण्याची पाळी येते. ती ईस्ट्रोजेनवर पोसते व प्रोजेस्टेरॉन तिला आवर घालते, असा समज दीर्घकाळ होता. चिली देशात लिप्शुट्झ यांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांचाही कौल तसाच होता. परंतु गिनीपिग म्हणजे स्त्री नव्हे. प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीला अडविणारे मिफेप्रिस्टोन १९९३ साली थोड्या रुग्ण स्त्रियांना दिले गेले, तेव्हा तीन महिन्यांत गाठींचे आकारमान सुमारे निम्म्याने घटले!

मग शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या पेशी काचपात्रात वाढवून पाहणे आले. तेथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. एका पात्रातून दुसऱ्या पात्रात पेशींची पिढ्यान् पिढ्या लागवड होऊ लागली, की त्यांतील संप्रेरकग्राही झपाट्याने कमी होत. ज्याचा शोध घ्यावयाचा तेच हातातून निसटत होते. म्हणून जेन्सन यांच्याच शिकागोत सर्दार बुलुन यांच्या गटाने त्या पेशी उंदरांच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रुजविल्या. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकट्या ईस्ट्रोजेनने गाठ वाढत नाही. ते प्रोजेस्टेरॉनसाठी ग्राही निर्माण करते, आणि वाढ होते ती प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या संशोधकांना सुमारे सत्तर टक्के गाठींत एमईडी-१२ या जनुकात बिघाड आढळला. त्यानंतर काचपात्रांची तपासणी झाली, तेव्हा असा बिघाड असलेल्या पेशी तेथे तगतच नाहीत आणि पात्र भरते ते बिघाड नसलेल्या पेशींनी, असे दिसून आले. गाठीच्या म्हणून वर्षानुवर्षे निरखलेल्या पेशींपैकी कितीतरी खऱ्या गाठपेशी नव्हत्याच.