कानात गाणे, समोर पुस्तक

परीक्षा जवळ आल्या की पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत एक वाद हमखास रंगतो. नात कानात इयरफोन घालून अभ्यासाला बसलेली असते. आजोबा म्हणतात, गाणे ऐकत कुठे अभ्यास होतो? नात म्हणते, आबाजी, गाणे लावले की माझे लक्ष लागते. दोघेही आपापल्या अनुभवावरून बोलतात आणि अनुभव दोघांचाही खरा असतो. म्हणूनच हा वाद दर वर्षी होतो आणि दर वर्षी अर्धवट राहतो.

वाचकहो, हाच वाद प्रयोगशाळांत शतकभर चालला आहे. तिथे तो कसा चालला, कुठे फसला, आणि आपल्या दोन तहसिलींत तो प्रयोग करायचा झाला तर त्याची मांडणी कशी असावी, एवढे आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्याकडच्या प्रयोगाला एक असे अंग आहे की जे लंडन-न्यूयॉर्कच्या प्रयोगाला नसते. ते शेवटी येईल.

गाण्याची आणि कामाची जोडी आपल्याला नवी नाही. जात्यावर बसले की ओवी सुचते असे आपण म्हणतो, आणि हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. संत्र्याच्या बागा पंपावर भिजू लागण्याआधी विहिरीवर मोट चालायची आणि मोटेबरोबर गाणे चालायचे. पण ही सगळी गाणी कोणत्या कामाची होती, ते पाहा. दळण, मोट, रोवणी, निंदण: हात एकाच चालीने फिरतात आणि डोके रिकामे राहते अशी कामे. पोथी वाचणाऱ्याने शेजारी ओवी म्हणायला सांगितली, असे कोणी ऐकलेले नाही. आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक ठाऊक होता. तो मोजण्याचे कारण मात्र त्यांना पडले नव्हते.

संगीताला मोजपट्टी लावण्याचा मराठी माणसाचा एक गाजलेला खटाटोप सांगलीचा. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुती किती आणि त्यांच्यातली अंतरे कोणती, हे तारेच्या मापाने आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या साक्षीने ठरवायचा प्रयत्न केला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढले. पुढे इ. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. १९१६ साली बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या पेटीची परीक्षा झाली आणि जाणकारांना ती पटली नाही. देवलांची जिद्द मोठी होती, यात शंका नाही. पण माझ्या मते अडचण पद्धतीत होती. एका गवयाचा गळा, तोही सर्वोत्तम, हे सगळ्या गायकांचे माप धरता येत नाही. प्रयोगशास्त्राचा हा पहिला धडा आपल्याच मुलखात गिरवला गेला.

त्याच १९१६ साली कोलकाता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला, भारतातला पहिला. मराठी मुलखात पुणे विद्यापीठाचा असा विभाग व्ही. के. कोठूरकर यांनी १९५० मध्ये सुरू केला. लक्ष मोजायचे कसे, याचे एक सोपे साधन मात्र त्याआधीच तयार होते. बेंजामिन बूर्दाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये ते मांडले. कागदभर अक्षरे छापायची, ठरलेली अक्षरे खोडायला सांगायची, आणि किती खोडली, किती सुटली हे मोजायचे. याला खर्च लागतो कागदाचा आणि शिसपेन्सिलीचा. आजही याहून फार महाग साधनाची गरज पडत नाही.

गाणे लावून वाचायला बसवायचे प्रयोग अमेरिकेत १९३०-४० च्या दशकांत झाले. १९३७ मध्ये फेंड्रिक यांना दिसले की ग्रामोफोन चालू असताना विद्यार्थ्यांना वाचलेले कमी उमगले. १९४५ मध्ये हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक भेद पाहिला: अभिजात संगीताने फारसे बिघडले नाही, पण त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांनी उतारा समजण्यात अडथळा आणला.

मग रेडिओ आणि कारखाने गाण्यांनी कसे गाजत होते? तिथे उलट अनुभव होता. ब्रिटनमध्ये वायट आणि लँग्डन यांनी १९३७ मध्ये एकसुरी काम करणाऱ्या कामगारांवर संगीताचा परिणाम पाहिला, तेव्हा उत्पादन थोडे वाढलेले दिसले. युद्धात बीबीसीने २३ जून १९४० पासून कारखान्यांसाठी रोज खास संगीत लावले आणि तो कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. एका अमेरिकन गाण्यात टाळ्यांची जागा होती, आणि त्या जागी कामगार हातातली हत्यारे यंत्रांवर आपटू लागतील या धास्तीने ते गाणे या कार्यक्रमातून वगळावे लागले. आपल्या भजनी मंडळात टाळ हातात असणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणजे दळणाला ओवी चालते, पोथीला चालत नाही. प्रयोगशाळा चाळीस-पन्नास वर्षे फिरून आपल्या आजीच्या दारात आली, म्हणा.

यानंतर मात्र एक मोठा घोळ झाला. १९९३ मध्ये फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसे टिपण छापले. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी. दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना, दहा मिनिटे शरीर सैल सोडण्याच्या सूचना, दहा मिनिटे शांतता. आणि प्रत्येकानंतर कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारखी कोडी. मोझार्टनंतरचे गुण आठ-नऊ अंकांनी जास्त आले. परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला, हे लेखकांनी स्वतःच लिहिले होते. पण लोकांनी तेवढे वाक्य सोडून बाकीचे वाचले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत किंवा तबकडी देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. ‘गर्भसंस्काराच्या’ नावाने आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या कित्येक तबकड्यांवर मोझार्टचे नाव दिसते, त्याचे मूळ हे ३६ विद्यार्थी.

गाठ सोडवली ती कॅनडातल्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी. १९९९ मध्ये त्यांनी मोझार्टऐवजी एक कथा ऐकवली, तर ज्यांना कथा अधिक आवडली त्यांचे गुण कथेनंतर वाढले. २००१ मध्ये थॉम्पसन आणि हुसेन यांच्यासह त्यांनी दाखवले की मूड आणि हुशारी, म्हणजे शरीर किती जागे आहे, हे हिशोबात घेतले की मोझार्टची जादू बहुतेक उरत नाही. आणि त्या सगळ्यात एक साधी गोष्ट विसरली गेली होती: १९९३ च्या प्रयोगात संगीत आधी ऐकवले होते, काम नंतर. आपल्या नातीचा प्रश्न वेगळा आहे. ती दोन्ही एकदम करते.

एकदम करण्याबद्दल जे हाती आले, त्याचा मुख्य धागा शब्द हा आहे. १९८९ मध्ये सलामे आणि बॅडली यांनी पाहिले की शब्द असलेले गाणे मागे चालू असेल तर अंक क्रमाने लक्षात ठेवणे वाद्यसंगीतापेक्षा जास्त बिघडते. त्याआधी १९८८ मध्ये मार्टिन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी वाचणाऱ्यांच्या कानावर कधी इंग्रजी, कधी रशियन बोलणे घातले. इंग्रजीने वाचन अधिक बिघडवले. वाचक ते ऐकत नव्हते, ऐकायचे नाही असेच त्यांना सांगितले होते. तरी समजणारी भाषा बिनबोलावता आत शिरली. आवाज लहान-मोठा केल्याने अशा बिघाडात फारसा फरक पडत नाही, असेही वारंवार दिसले आहे. २०११ मध्ये पेरहॅम आणि व्हिझार्ड यांनी आवडीचे आणि नावडीचे संगीत समोरासमोर ठेवले. अंकांचा क्रम ध्यानात ठेवण्याच्या कामात दोहोंनी सारखेच नुकसान केले. आवडते म्हणून लक्ष लागते, हा नातीचा पुरावा इथे लंगडा पडतो.

आपल्या कायद्याकडे या नजरेने पाहा. राज्यात कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे आणि परीक्षांच्या दिवसांत ध्वनिक्षेपकांवर बंधने येतात ती त्याच्याच आधारे. केंद्राच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. हे हवेच, कारण झोप आणि कान यांचेही प्रश्न आहेत. पण कायद्याचे यंत्र फक्त मोठेपणा मोजते. शेजारच्या मंडपातले शब्द मर्यादेत राहूनही पुस्तकाच्या ओळीत घुसू शकतात, आणि इयरफोनमधले गाणे तर कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

आता आपला प्रयोग. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि शाळेची हिंदी व घरची मराठी ही विभागणी आपल्या मुलांच्या वाट्याला आली. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून जिल्हा झाला, तरी ही विभागणी तशीच आहे. इंग्रजी-रशियनच्या प्रयोगात एक भाषा समजत होती, दुसरी समजत नव्हती. आपल्या मुलाला दोन्ही समजतात. मग कोणती भाषा त्याच्या कानात बिनबोलावता शिरते?

यासाठी गाणे निवडताना फसू नये. एक मराठी भावगीत आणि एक हिंदी सिनेमाचे गाणे घेतले, तर चाल, गायक, ठेका, ओळख, सगळेच बदलते आणि फरक कशाचा ते कळत नाही. आपल्याच गावातल्या एखाद्या गायकाकडून एक नवी, कोणी न ऐकलेली चाल बांधून घ्यावी. ती त्यानेच एकदा मराठी शब्दांत गावी, एकदा हिंदी शब्दांत; लय आणि साथ तीच. तिसऱ्यांदा तीच चाल बासरीवर. चौथी स्थिती शांततेची. शांतता म्हणजे मार्च महिन्यात पंखा चालू असलेली शांतता, हे मान्य करून चालावे आणि पंखा चारही वेळा सारखाच ठेवावा.

काम म्हणून उतारे वाचायला द्यावेत आणि त्यांवर प्रश्न विचारावेत. चार उतारे मराठी, चार हिंदी; एक भाषा एका दिवशी, दुसरी दुसऱ्या. निम्म्या मुलांची सुरुवात मराठीने, निम्म्यांची हिंदीने. उताऱ्यांचा क्रम कायम ठेवावा आणि आवाजांचा क्रम फिरवावा, म्हणजे प्रत्येक आवाज प्रत्येक उताऱ्यावर आणि प्रत्येक क्रमांकावर सारख्याच वेळा येतो. चौथ्या उताऱ्यापर्यंत मूल सरावते किंवा कंटाळते; सगळ्यांची शांतता शेवटी ठेवली तर तो कंटाळा शांततेच्या नावावर जमा होईल. असे चार क्रम आणि दोन सुरुवाती, म्हणून मुले आठाच्या पटीत हवीत, ४८ किंवा ६४. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मास्तरांवर सोपवले तर हुशार मुले एका बाकावर येतात, हा सर्वांचा अनुभव आहे. पेपर तपासणाऱ्याला कोणता पेपर कोणत्या आवाजातला हे कळता कामा नये. पालकांची संमती लेखी घ्यावी, मुलाची स्वतंत्रपणे विचारावी, आणि मध्येच उठून जाणाऱ्याला अडवू नये.

बूर्दाँची अक्षरे खोडण्याची तालीम आधी द्यायला हरकत नाही. देवनागरी दोन्ही भाषांची, त्यामुळे एकच कागद चालतो. फक्त त्यात ‘ळ’ ठेवू नये. हिंदीत तो नाही. हिंदीला सरावलेले मूल तिथे क्षणभर थांबेल आणि ते थांबणे आपण गाण्याच्या खात्यावर लिहू.

हिशोबाच्या वेळी मराठी उताऱ्याचे गुण हिंदीच्या गुणांशी ताडू नयेत, कारण हिंदी माध्यमातले मूल मराठी हळू वाचणारच. प्रत्येक भाषेत शांततेपेक्षा किती घसरण झाली, एवढेच पाहावे. आणि घरी कोणती भाषा चालते हे प्रत्येकाच्या कागदावर नोंदवावे, आजी-आजोबांशी आणि भावंडांशी अशी दोन वेगळी खाती करून. आपल्या घरांत आता ती बहुधा वेगळी असतात.

मराठी गाण्याने नातीचे वाचन बिघडले, तर आजोबांना बोलायला जागा मिळेल. हिंदी गाण्याने दोन्ही उतारे बिघडले आणि मराठी गाणे मात्र बासरीसारखेच निरुपद्रवी ठरले, मराठी उताऱ्यावरसुद्धा, तर अभ्यासाला ते सोयीचेच. पण असा आकडा हाती आला, तर आजोबा तो पुन्हा एकदा तपासून पाहायला सांगतील, आणि आपण सांगाल तर मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन.