सिमला ऑफिसातले कारागीर

आमच्या वरठीच्या रेल्वे स्थानकाचे नाव वरठी नाही, ते 'भंडारा रोड' आहे. जागा एकाची आणि नाव दुसऱ्याचे, याची आम्हांला सवय झालेली आहे. वैज्ञानिक उपकरणांचा इतिहास वाचताना ही सवय फार उपयोगी पडते.

जुन्या वायुभारमापकांच्या तबकड्यांवर 'नेग्रेटी अँड झांब्रा, लंडन' अशी अक्षरे कोरलेली आढळतात. हेन्री नेग्रेटी आणि जोसेफ झांब्रा यांनी १८५० साली भागीदारीत सुरू केलेली ही पेढी. मालकांची नावे अशी पितळेवर टिकली. तबकडीवर रेघा आखणारा, तापमापकाच्या नळीत पारा भरणारा (आणि त्याची वाफ हुंगणारा) कारागीर मात्र त्या अक्षरांमागे कायमचा दडला.

आपल्याकडेही वेगळे घडले असे नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकरांनी त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' म्हणायला सुरुवात केली आणि मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले तरी ते नाव सोडले नाही. खात्याची उपकरणे मात्र, अगदी साधीसुद्धा, बहुतांशी ब्रिटनमधून येत. स्वातंत्र्यानंतर ती पुण्यातच घडवायची असे ठरले. १९४८ मध्ये अण्णा मणी तेथे रुजू झाल्या. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन करूनही, एम.एस्सी. नाही एवढ्याच कारणाने, त्यांना पीएच.डी. नाकारण्यात आली होती. (पदव्यांवर पोट भरणाऱ्या आम्हां प्राध्यापकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) १९५३ पर्यंत त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित आरेखने तयार करून घेण्यात आली.

आरेखन ही वरवर रुक्ष वाटणारी गोष्ट, पण सारा प्रश्न तिथेच आहे. पर्जन्यमापकाचेच पाहा. सायमन्सच्या मापकाच्या तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर. कारागिराच्या हातून तो एका मिलिमीटरने वाढला, तर क्षेत्रफळ दीड टक्क्याहून अधिक वाढते, आणि हजार मिलिमीटर पावसाच्या नोंदीत पंधराएक मिलिमीटर न पडलेला पाऊस मिळवला जातो. धानाच्या आमच्या मुलखात, जिथे पावसाच्या आकड्यावर दुष्काळ आणि पैसेवारीच्या चर्चा चालतात, तिथे हा पाऊस कुणाच्या तरी ताटातून जातो. चुकीचे मापन हे मापन नसण्यापेक्षा वाईट, असे अण्णा मणी मानत, ते उगीच नव्हे.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव आणि पुण्यात तांबट आळी. धातूवर हात बसलेली माणसे आपल्याकडे होतीच. परंतु घडवणीत डोळ्यांचा अंदाज चालतो; उपकरणात प्रत्येक नग आधीच्या नगासारखाच उतरावा लागतो. डोळ्यांवरून आरेखनावर विश्वास नेण्याचे काम त्या १२१ जणांनी केले. आपल्या कामगार साहित्यात गिरणी आली, संप आला. कॅलिपर हातात धरून श्वास रोखणारा कामगार फारसा आला नाही. हा साहित्याचाही एक दोष आहे असे मला वाटते. श्रम म्हणजे घाम, असे आपण ठरवून टाकले. अचूकपणा हाही श्रम असतो, हे निसटले.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी सौरप्रारण मोजणारी केंद्रे देशभर उभी राहिली. १९७६ मध्ये अण्णा मणी उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. पुढे बंगळूरला त्यांनी वाऱ्याचा वेग आणि सौरऊर्जा मोजणारी उपकरणे बनवणारा छोटा कारखाना काढला. २००१ मध्ये त्या गेल्या.

धातूच्या पर्जन्यमापकाची जागाही मधल्या काळात काचतंतूंच्या प्लॅस्टिकने घेतली. ते गंजत नाही, आणि मोडीत त्याला भावही नसतो. सकाळी साडेआठला नोंद घेणारा माणूस मापनपात्रावरची रेघ पाहून आकडा लिहितो, आणि त्या आकड्याशेजारी सही करतो.