सुबाभळीमागून आलेला सायला

सुबाभळीवरचा सायला हा जेमतेम दोन मिलिमीटरचा, हिरवट-पिवळा, फांदी हलताच टुणकन उडणारा रसशोषक कीटक. शास्त्रीय नाव हेटेरोप्सिला क्युबाना. डी. एल. क्रॉफर्ड यांनी १९१४ मध्ये क्यूबातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढची सत्तर वर्षे कीटकशास्त्रज्ञांखेरीज फारसे कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. स्पॅनिश जहाजांतून ती फिलिपिन्सला गेली, तिची कीड मात्र मायदेशीच राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी तिचे उंच, जोमदार वाण निवडले. त्यांतला के-८ मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ या संस्थेने भारतात रुजवला. वैरण, जळण, हिरवळीचे खत, सगळे एकाच झाडातून. या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली. सुबाभूळ स्वपरागित असल्याने मोजक्या झाडांच्या बियाण्यातून देशोदेशी जवळपास एकाच रक्ताची झाडे उभी राहिली होती.

१९८४ मध्ये सायला हवाईत दिसला. १९८५ मध्ये फिलिपिन्स, १९८६ मध्ये इंडोनेशिया, १९८७ मध्ये श्रीलंका आणि १९८८ मध्ये तमिळनाडूमार्गे भारत. मादी न उमललेल्या पालवीत शेकडो अंडी घालते. दोन-तीन दिवसांत पिले बाहेर पडून रस शोषू लागतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते, शेंडे झडतात. झाड सहसा मरत नाही, पण वैरण असते ती नेमकी या कोवळ्या पाल्याची.

जबर फटका बसला तिमोर बेटावरील आमारासी भागाला. तिथे १९३० च्या दशकापासून स्थानिक नियमानेच सुबाभूळ लावणे बंधनकारक होते आणि दावणीला बांधून गुरे पोसण्याचा धंदा तिच्यावरच उभा होता. महाराष्ट्रातला कडक, कोरडा उन्हाळा मात्र या किडीला मानवणारा नाही. तिला थंड, दमट हवा लागते.

गुरांना घालायच्या पाल्यावर विषारी फवारणी परवडत नाही. म्हणून क्युरिनस हा मूळ मेक्सिकोचा ढालकिडा हवाईतून आशियात आणून सोडला गेला; पुढे भारतातही आला. त्याने कीड आटोक्यात ठेवायला हातभार लावला, संपवली नाही. पूर्व इंडोनेशियातील पशुपालकांनी नंतर किडीपुढे अधिक तग धरणारा ‘तारांबा’ वाण लावायला घेतला.