प्लेटलेट्सचे दुसरे काम

प्लेटलेट्स रक्ताची गुठळी करतात, हे आता सर्वांना माहीत आहे. ते प्रथम नीट दाखवले इटलीतील तुरीनच्या जूलिओ बिझोझेरो यांनी, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला. प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, दुखापतीच्या जागी आधी या चिमुकल्या चकत्या चिकटतात, हे त्यांना दिसले. १९१० साली बोस्टनमध्ये विल्यम ड्यूक यांनी रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला दुसऱ्याचे रक्त दिले. प्लेटलेट्स वाढल्या आणि रक्त थांबले. तेव्हापासून सरळ हिशेब रूढ झाला: प्लेटलेट्स कमी, म्हणून रक्तस्राव.

हा हिशेब मात्र रुग्णांमध्ये नेहमी जुळत नाही. दहा हजार प्लेटलेट्सवर एखादा शांत बसलेला असतो, तर चाळीस हजारांवर दुसऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येते.

उत्तराचा एक धागा २००८ साली बोस्टनमधल्याच उंदरांनी दिला. डेनिसा वॅग्नर यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या प्लेटलेट्स जवळजवळ संपवल्या. मग त्वचेत, फुफ्फुसात किंवा मेंदूत दाह निर्माण केला, तर नेमके तिथेच रक्त झिरपू लागले. कापले नव्हते, ठेचले नव्हते. नुसती सूज होती!

असे का? दाहाच्या जागी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून बाहेर पडतात आणि जाताना भिंतीला भोके पाडतात. पॅरिसच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की अशा भोकावर एकेकटी प्लेटलेट बुचासारखी बसते. गुठळी लागतच नाही. त्यासाठी तिला जीपी-६ जनुकापासून बनणारे प्रथिन लागते, जे भिंतीखालचे कोलॅजन ओळखते. हे प्रथिन नसलेल्या उंदराला साधा काप दिला तर फारसा फरक पडत नाही, पण सुजलेल्या त्वचेत रक्त झिरपते. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते, की न्यूट्रोफिल काढून टाकले तर तेही थांबते.

हे उंदरांचे झाले. माणसाला जसेच्या तसे लावू नये. डेंग्यूत तर रक्तवाहिन्या पाझरण्याची वेगळी कारणेही असतात. तरीही नातेवाइकांनी केवळ आकडा पाहून प्लेटलेट्सच्या पिशवीसाठी रात्रभर धावण्यापेक्षा पोटदुखी, सततच्या उलट्या, काळे शौच, कमी झालेली लघवी, वाढती सुस्ती यांकडे लक्ष द्यावे. यांपैकी काहीही दिसले, तर आकडा चांगला असला तरी ताबडतोब रुग्णालयात न्यावे.